ज्यांची गोष्ट आपण सांगतो, तेही आता वाचतात

(सामाजिक संस्थांमध्ये काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'डिजिटल काळातलं संस्थेचं काम आणि संवाद'. विषय मोठा, आणि सत्र दुपारच्या जेवणानंतरचं. त्यामुळे कामाचं तेवढंच बोलते.

सकाळी तुम्ही चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून दिले होते, ते मी वाचले. फॉलोअर्स कसे वाढवायचे? रील किती सेकंदांची असावी? देणगीदार मिळवायला कोणता प्लॅटफॉर्म बरा? प्रश्न चांगले आहेत आणि त्यातल्या काहींची उत्तरं तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. पण एक प्रश्न एकाही चिठ्ठीवर नव्हता. आपण ज्या माणसांबद्दल लिहितो, त्यांना ते वाचून काय वाटतं? माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

मी एका तालुक्याच्या गावी छोट्या संस्थेत काम करते. महिलांसाठी सल्ला केंद्र, मुलांची अभ्यासिका, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणं, रेशन कार्ड आणि जन्मदाखल्याच्या खटपटी, असं आमचं काम. मी कामाला लागले तेव्हा संस्थेचा 'संवाद' म्हणजे वर्षातून एकदा छापलेला अहवाल. त्याच्या काही प्रती देणगीदारांना, काही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, उरलेल्या कपाटात. त्यात वस्तीतल्या बायकांचे फोटो असायचे, त्यांच्या अडचणी लिहिलेल्या असायच्या. पण त्या बायकांपैकी कुणाच्या घरी तो अहवाल कधी पोहोचायचा नाही. लिहिणारा एका गावचा, वाचणारा दुसऱ्या गावचा, आणि जिच्याबद्दल लिहिलं ती तिसरीकडे. तिघांची गाठ पडायची नाही.

आता तसं राहिलेलं नाही. तुम्ही सकाळी 11 वाजता वस्तीत रेशनचे किट वाटले आणि 12 वाजता पोस्ट टाकली, तर 1 वाजता ती पोस्ट त्याच गल्लीत परत आलेली असते. किट घेणाऱ्या बाईच्या मुलाच्या फोनवर, तिच्या नणंदेच्या फोनवर, मुलाच्या वर्गातल्या पोरांच्या फोनवर. डिजिटल काळाने संस्थांना काय दिलं, असं विचारलं की लोक सांगतात, आपला आवाज लांबवर जायला लागला. खरं आहे. पण तितकाच मोठा बदल हा आहे की आपला आवाज जवळही पोहोचायला लागला.

10 कोटी लोकांनी पाहिलेला व्हिडिओ

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील. मार्च 2012मध्ये एका अमेरिकी संस्थेने इंटरनेटवर सुमारे 30 मिनिटांची एक फिल्म टाकली. नाव होतं 'कोनी 2012'. जोसेफ कोनी हा युगांडातल्या एका सशस्त्र टोळीचा म्होरक्या. मुलांना पळवून नेऊन त्यांच्या हातात बंदुका देणारा. त्याला जगासमोर आणायचं आणि अटक करायला लावायचं, हा फिल्मचा उद्देश. सहा दिवसांत ती 10 कोटी वेळा पाहिली गेली. तोवर कुठल्याही संस्थेच्या व्हिडिओला असं काही जमलं नव्हतं.

मग ती युगांडाच्या उत्तरेकडच्या लिरा शहरात, मोकळ्या मैदानात पडदा लावून दाखवली गेली. ज्यांची मुलं खरोखर पळवली गेली होती, ज्यांचे नातेवाईक मारले गेले होते, असे लोक ती पाहायला आले. बघता बघता लोक चिडले. दगडफेक झाली. कार्यक्रम बंद करावा लागला. लोकांचा राग कशावर होता? फिल्ममध्ये त्यांच्या दुःखापेक्षा फिल्म बनवणारा माणूस आणि त्याचा लहान मुलगाच जास्त दिसत होते. ज्याने आपलं आयुष्य उद्ध्वस्त केलं त्याचं नाव टी-शर्टवर आणि पोस्टरवर झळकवायचं, ही कल्पना त्यांना सहन होईना. शिवाय कोनी काही वर्षांपूर्वीच युगांडा सोडून गेला होता. तिथल्या लोकांचे प्रश्न आता पुढचे होते, परत आलेल्या मुलांचं शिक्षण, उपचार, शेती. फिल्म मात्र जुन्याच जागी अडकली होती.

हेतू वाईट नव्हता. पण जगभरच्या 10 कोटींना दाखवण्याआधी ती लिरातल्या 100 माणसांना दाखवली असती, तर फिल्म वेगळी झाली असती.

नाव, फोटो आणि 'सोडलेली' हा शब्द

आता आपल्या गल्लीत येऊ. आमच्या केंद्रात एक बाई शिवणकाम शिकल्या. नवऱ्याने दुसरं लग्न केलं, यांना माहेरी पाठवलं, दोन मुलं पदरात. आम्ही त्यांना मशीन मिळवून दिलं. मशीनसाठी पैसे देणाऱ्यांना फोटो हवा होता, आणि फोटोखाली त्यांची कहाणी. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आपा, फोटो काढा. पण 'नवऱ्याने सोडलेली' असं लिहू नका. 'शिवणकाम शिकवते' असं लिहा. आणि मशीनसोबत एकटीचा नको, माझ्या दोन शिकणाऱ्या मुलींसोबत काढा. त्यांच्या आयांना विचारून."

देणाऱ्यांना ते फारसं पटलं नाही. त्यात 'भावना' कमी पडते, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही तेच छापलं. पुढच्या आठवड्यात वस्तीबाहेरच्या दोघीजणी ब्लाऊज शिवायला विचारत आल्या. 'बिचारी' म्हणून छापलं असतं तर कदाचित कुणी 500 रुपये पाठवले असते. 'शिकवते' असं छापल्यामुळे तिला गिऱ्हाईक मिळालं.

आपल्या समाजात काम करणाऱ्यांना हे जास्त जपावं लागतं. मुस्लिम बाईची गोष्ट म्हटली की ऐकणाऱ्याच्या मनात एक तयार चित्र असतं. बुरखा, तलाक, रडणं. त्या चित्रात बसणारी गोष्ट पटकन व्हायरल होते. मग ती गोष्ट कोण कशासाठी वापरतं, यावर आपला काहीच ताबा राहत नाही. एक टोक म्हणतं, बघा यांचा समाज कसा आहे. दुसरं टोक म्हणतं, समाजाची बदनामी केली. या दोन्हींच्या भांडणात जिचा पोटगीचा दावा चालू आहे, ती बाई चिरडली जाते. अन्यायाबद्दल गप्प बसा, असं मी अजिबात म्हणत नाही. ठामपणे बोला, कायद्यातल्या त्रुटी मांडा, आपल्याच घरातल्या रूढींवर बोला. पण त्यासाठी तिचा चेहरा आणि तिची गल्ली लागत नाही. तिला स्वतः समोर येऊन बोलायचं असेल, तर तिच्या शेजारी उभे राहा आणि माईक तिच्या हातात द्या.

संमती म्हणजे फॉर्मवरचा अंगठा नाही

सगळे म्हणतात, आम्ही परवानगी घेतो. कधी घेता? किट हातात देताना. ज्या क्षणी माणसाला आपल्याकडून काही मिळणार आहे, त्या क्षणी तो 'नाही' कसा म्हणेल? म्हणून आमच्याकडे एक साधा नियम आहे. मदत ज्या दिवशी दिली, त्या दिवशी फोटोची परवानगी मागायची नाही. नंतर वेगळ्या दिवशी जायचं, फोटो कुठे टाकणार ते फोनवर दाखवायचं, आणि 'नाही' म्हटलं तरी मदतीत फरक पडणार नाही, हे आधी सांगायचं. टाकल्यानंतरही तिने काढायला सांगितलं की त्याच दिवशी काढायचं.

हे फक्त चांगुलपणाचं नाही, कायद्याचंही आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023मध्ये संसदेने केला. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती आणि समजून उमजून दिलेली असावी, ती मागे घेता यावी, असं तो सांगतो. माहिती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय असली पाहिजे. मराठी आणि उर्दू दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. तेव्हा इंग्रजी फॉर्मवर सही घेऊन मोकळं होण्याचे दिवस संपत आले आहेत. 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती असेल तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

मुलांबाबत तर आधीपासूनच कडक नियम आहेत. बाल न्याय कायदा 2015च्या कलम 74नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'आम्ही या अनाथ मुलाला दत्तक शाळेत घातलं' अशी फोटोसकट पोस्ट टाकणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करण्याबद्दलही असाच कायदा आहे. चेहरा धूसर करून उपयोग नसतो, मागे घराचा दरवाजा आणि दुकानाची पाटी दिसत असेल तर गल्ली ओळखते.

आणि फोटोपेक्षाही धोक्याची एक गोष्ट आहे. याद्या. शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी, विधवांची यादी, आजारी माणसांची यादी. नाव, मोबाइल, आधारचा नंबर, बँक खातं, सगळं एका एक्सेलमध्ये, आणि ती एक्सेल 40 जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. आधारच्या झेरॉक्सचे फोटो कार्यकर्त्याच्या गॅलरीत, लग्नाच्या फोटोंच्या शेजारी. डिसेंबर 2019मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, त्यानंतरचे दिवस आठवा. कागदपत्रं कुणाला दाखवायची, कुणाला नाही, याची किती धास्ती वस्त्यांमध्ये होती. तरीही लोक आपल्या हातात कागद देतात. तो विश्वास सांभाळायचा असेल तर आजच घरी जाऊन गॅलरी उघडा. काम झालेले कागद पुसून टाका. याद्या एकाच ठिकाणी, पासवर्ड लावून, दोन जबाबदार माणसांकडे ठेवा. ग्रुपवर फक्त आकडा टाका, 'आज 32 अर्ज भरले'. नावं कशाला?

अफवेच्या वेळी संस्था काय करते?

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल 2020मध्ये, खूप वेळा पुढे ढकललेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येईल, असं केलं.

ते एप्रिल 2020 आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. तबलीगच्या निमित्ताने असे व्हिडिओ फिरले की भाजीवाल्यांना नावं विचारली जाऊ लागली. ऑगस्ट 2020मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा बनवण्याचा प्रयत्न झाला, असं न्यायालयाने नोंदवलं. पण निकाल येईपर्यंत पाच महिने गेले होते, आणि ज्यांनी व्हिडिओ पाहिले त्या सगळ्यांपर्यंत निकाल पोहोचलाच नाही.

राईनपाड्यात मेलेले आपल्या समाजाचे नव्हते. 2020मध्ये संशय आपल्यावर होता. दोन्हींची रीत मात्र एकच. म्हणून आपल्याविरुद्धच्या अफवेवर चिडणाऱ्या आपण, दुसऱ्याविरुद्धची अफवा आपल्या ग्रुपवर येते तेव्हाही तितकंच चिडायला हवं. आपल्या बाजूची, आपल्याला आवडणारी खोटी बातमी रोखणं सगळ्यात अवघड असतं. जखमी माणसाचा एखादा जुना, दुसऱ्या देशातला फोटो कालच्या घटनेचा म्हणून येतो. आपलं रक्त उसळतं आणि बोट चालतं. संस्थेच्या नावाने असा एक फोटो गेला, तर पुढच्या 10 खऱ्या गोष्टींवर कुणी विश्वास ठेवत नाही.

करायचं काय? मोठमोठी उत्तरं लिहीत बसू नका. अफवा ज्या ग्रुपवर आली त्याच ग्रुपवर, त्याच भाषेत, दोन-तीन ओळींत खरी माहिती टाका. खोटा व्हिडिओ खोडून काढण्यासाठी तोच व्हिडिओ पुन्हा जोडू नका. पोलीस ठाण्यात आणि मोहल्ल्यात फोन करून खात्री केल्याशिवाय एक शब्दही लिहू नका. आणि हे सगळं जमण्यासाठी शांततेच्या दिवसांत शेजारच्या वस्तीतल्या गणेश मंडळाचा, बौद्धवाड्यातल्या मंडळाचा नंबर तुमच्याकडे असायला हवा. दंग्याच्या रात्री नवीन ओळख होत नसते.

ज्यांच्या हातात फोन नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021च्या काळात, 15 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी 54 टक्के जणींकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका 33 टक्के, पुरुष 57 टक्के. त्यानंतर आकडे नक्कीच वाढले असतील. पण फोन घरात असणं आणि तिच्या हातात असणं, यातला फरक तुम्हाला माहीत आहे. तुम्ही 'भाभी, मेसेज केला होता' म्हणता, तेव्हा तो मेसेज आधी तिच्या नवऱ्याने किंवा दिराने वाचलेला असतो. सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईला 'तुमच्या तक्रारीचं काय झालं' असा मेसेज तिच्या घरच्या फोनवर पाठवणं म्हणजे तिला मार खायला लावणं. आम्ही आधी विचारतो, कोणत्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याशी बोलण्याचे मार्ग लोकांनी शोधलेले आहेत. छत्तीसगडमध्ये 2010मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू झालं. साधा फोन पुरतो. एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन येतो, मग आपली बातमी किंवा तक्रार आपल्या बोलीत, गोंडीतसुद्धा, रेकॉर्ड करायची. बातमी तपासली जाते आणि मग इतरांना फोनवर ऐकता येते. मजुरी थकली, हातपंप बंद आहे, अशा तक्रारींसोबत संबंधित अधिकाऱ्याचा नंबरही दिला जातो, आणि ऐकणारे लांबून त्याला फोन करतात. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये 2002मध्ये 'खबर लहरिया' सुरू झालं. दलित, आदिवासी, मुस्लिम, मागास समाजातल्या बायकांनी बुंदेलीत चालवलेलं छापील वृत्तपत्र. पुढे त्या मोबाइलवर व्हिडिओ बातम्या करू लागल्या. या दोन्ही ठिकाणी तंत्र नंतर आलं. आधी हे ठरलं की कुणाच्या बोलीत बोलायचं.

आपलंही तसंच आहे. घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी, बयानात उर्दू, फॉर्मवर इंग्रजी. आम्ही शिष्यवृत्तीची माहिती आयांसाठी दखनीत एक-दीड मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये देतो. तीच माहिती मुलांसाठी मराठीत लिहून टाकतो, कारण त्यांना अर्ज आणि तहसील कार्यालयातलं बोलणं मराठीतच करायचं आहे. आणि जेव्हा आपण नीट मराठीत लिहितो, तेव्हा शेजारचे पाटील, कांबळे, जोशीही ते वाचतात. मुसलमानांबद्दलचं जे काही मराठीत फिरतं, त्यात मुसलमानांनी स्वतः लिहिलेलं किती असतं, याचा विचार करा. ती जागा तुमची आहे.

पैसा आणि हिशोब

आता क्यूआर कोडवर येते. रमजान आला की अपीलांचा पूर येतो. जकात, सदका, फितरा. स्कॅन करा आणि पाठवा. पैसे येणं सोपं झालं, तेवढी जबाबदारी वाढली. कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. 'तात्पुरता भाईच्या नंबरवर पाठवा' हे बंद करा. भाई प्रामाणिक असेल, पण त्याच्या खात्यात त्याचा पगार आणि तुमची जकात एकत्र झाली की हिशोब कुणालाच दाखवता येत नाही. जकातीच्या पैशाचा वेगळा हिशोब ठेवा, कारण देणारा तो ठरावीक लोकांसाठी देतो. प्रत्येक रकमेची पावती द्या.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, घरटी कुणी ना कुणी परदेशात असतं. पासपोर्ट भारतीय असलेला, दुबईत किंवा कुवेतला नोकरी करणारा मामा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण लंडनच्या चुलत भावाने ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं असेल, तर त्याचे पैसे विदेशी देणगीच ठरतात, तो मूळचा रत्नागिरीचा असला तरी. त्यासाठी विदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तुमचा क्यूआर कोड कुठल्या ग्रुपवरून कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून अपीलातच लिहा, 'फक्त भारतीय नागरिकांसाठी'. छोट्या चुकीने अख्खी संस्था अडचणीत येते.

हिशोब कुणाला दाखवायचा? ऑडिटरला आणि देणगीदाराला आपण दाखवतोच. पण राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994च्या अखेरीला जे सुरू केलं, ते पाहा. जनसुनवाई. गावातल्या कामांचे सरकारी कागद मिळवायचे आणि ते गावासमोर मोठ्याने वाचायचे. ज्यांच्या नावावर मजुरी दिल्याची नोंद, तेच समोर बसलेले. ते उठून म्हणायचे, मी या कामावर गेलोच नव्हतो. तिथून निघालेली वाट पुढे माहितीच्या अधिकारापर्यंत पोहोचली. तो कायदा 12 ऑक्टोबर 2005पासून लागू झाला. नोंद ज्यांची, त्यांच्यासमोर वाचायची, ही साधी कल्पना. आपण सरकारकडून हिशोब मागतो, तर आपल्यालाही तो नियम लागू व्हायला हवा. ईदनंतर एका कागदावर लिहा, इतके आले, इतके शिक्षणावर गेले, इतके औषधांवर, इतके शिल्लक. घेणाऱ्यांची नावं नकोत. तो कागद अभ्यासिकेच्या भिंतीवर चिकटवा आणि त्याचाच फोटो ग्रुपवर टाका. वस्तीतल्या लोकांनी उभं राहून तो वाचला, बोट ठेवून प्रश्न विचारला, की समजा तुमचा संवाद सुरू झाला.

थोडं तुमच्याबद्दल

शेवटी तुमच्याशी, कार्यकर्ते म्हणून. रात्री 1 वाजता येणाऱ्या मेसेजला उत्तर देणं म्हणजे निष्ठा नव्हे. तातडीच्या प्रकरणांसाठी एक वेगळा नंबर ठेवा, तो आळीपाळीने सांभाळा, बाकीचं सकाळी. संस्थेचं पेज, ईमेल, डोमेन एका पोराच्या खासगी खात्यावर नको. तो नोकरीसाठी बंगळुरूला जातो, त्याच्यासोबत सगळा पासवर्ड जातो, आणि संस्थेची 10 वर्षांची आठवण बंद पडते. किमान दोघांकडे ताबा असू द्या आणि काय कुठे आहे ते वहीत लिहून ठेवा. हो, कागदाच्या वहीत.

आणि तुमच्या मुलींना, बायकांना, ज्या संस्थेच्या नावाने बोलतात त्यांना, शिव्या येतील. फोटोंची मोडतोड होईल. ते एकटीने सोसायचं नाही. स्क्रीनशॉट ठेवायचे, संस्थेत सांगायचं, सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या हेल्पलाइनचा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलचा उपयोग करायचा. 1930 मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, छळाची तक्रार पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात नोंदवा. संस्थेतल्या पुरुषांनी 'तू बोलायलाच नको होतंस' असं म्हणायचं नाही. तिच्यासोबत ठाण्यात जायचं.

आता तुम्ही गटात बसणार आहात. एक काम देते. तुमच्या संस्थेची शेवटची पोस्ट फोनवर उघडा. त्यात ज्या माणसाबद्दल लिहिलं आहे त्याला ती वाचून दाखवता येईल का, ते एकमेकांना विचारा. दाखवता येईल असं वाटलं, तर घरी गेल्यावर खरंच दाखवा. येणार नाही असं वाटलं, तर कोणता शब्द बदलला की येईल, ते आत्ताच शोधा. चहाच्या वेळेपर्यंत प्रत्येक गटाकडून एक तरी बदललेली पोस्ट ऐकायची आहे मला.